तीन आठवडे रजा घेऊनही थकवा का गेला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, जबाबदारीची नोकरी, घरी दोन मुलं आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेले सासरे. कित्येक महिन्यांपासून अंगात त्राण नाही, सकाळी उठताना जबडा दुखतो, एकच ईमेल पाच वेळा वाचावा लागतो. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. तीन आठवडे रजा घेतली, पहिले दहा दिवस नुसती झोप काढली, मग बरं वाटलं. पण कामावर रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. "मी आळशी झालेय का? हे मनाचं आहे की शरीराचं? आणि मी पहिल्यासारखी कधी होणार?"

आधी आळशीपणाचं बोलते, कारण तोच शब्द तुम्हाला आतून खातोय असं दिसतं. आळशी माणसाला काम टळलं की बरं वाटतं. तुम्हाला काम टळल्यावरही बरं वाटत नाही, उलट अपराधी वाटतं. मी वीसहून जास्त वर्षं मानसोपचाराचं काम करते आहे आणि या दुखण्याने माझ्यासमोर येऊन बसलेल्यांमध्ये आळशी माणूस मला भेटलेला नाही. भेटले ते दुसऱ्याच्या वाटणीचं ओझंही उचलणारे, "असू दे, मी करते" म्हणणारे, आणि दुखणं अंगावर काढायची सवय लागलेले. तुम्ही त्यांच्यातल्याच एक वाटता.

आता मनाचं की शरीराचं. याचं खरं उत्तर शरीरात काय घडतं ते पाहिल्याशिवाय देता येत नाही. धोका समोर आला की मेंदू मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींना, म्हणजे ॲड्रेनल ग्रंथींना, निरोप धाडतो. त्यांतून सुटणारी ताणाची दोन संप्रेरकं कामाला लागतात: ॲड्रेनालिन काही क्षणांत, कॉर्टिसॉल थोड्या मिनिटांनी. नाडी वाढते, रक्तातली साखर वर येते, स्नायू ताठ होतात. पचन आणि दुरुस्तीची कामं मागे पडतात. हे उसनं अवसान असतं आणि थोड्या वेळासाठी ते फार कामाचं असतं. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की त्रास कुठल्याही प्रकारचा असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखीच असते. पुढे त्याने तिचे तीन टप्पे मांडले: धोक्याची सूचना, मग तग धरणं, आणि शेवटी गळून जाणं. यातला मधला टप्पा सगळ्यात फसवा. त्यात बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस कामं उरकत असतो, घर सांभाळत असतो, त्याचं कौतुकही होत असतं. तुमचं मागचं वर्षभर, कदाचित त्याहून जास्त काळ, या मधल्या टप्प्यात गेला असणार.

थकव्यासाठी आपण सगळेच बॅटरीची उपमा वापरतो. बॅटरी उतरली, चार्ज केली, झालं. या दुखण्यात ती उपमा दिशाभूल करते, आणि रजेबद्दलची तुमची निराशाही तिच्यातूनच आली आहे. मला पहारेकऱ्याचं उदाहरण जास्त पटतं. रात्रपाळीचा पहारेकरी आहे, त्याला कोणीतरी उठून उभं राहायला सांगितलं, पण पाळी संपल्याचं सांगायला कोणी आलंच नाही. महिनोन् महिने तो उभाच आहे. निरोगी शरीरात जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल वर जातं, दिवसभर उतरत राहतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. ताण लांबला की या चढ-उताराची लय बिघडू शकते. तुम्ही झोपता, पण जबडा आवळलेलाच राहतो. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी १९९३ मध्ये या साचलेल्या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं, मराठीत आपण त्याला जुळवून घेण्याचा भार म्हणू. प्रत्येक संकटाशी शरीर जुळवून घेतं, आणि दर वेळी त्याची थोडी किंमत मोजतं. तेव्हा हे मनाचं आहे की शरीराचं, या प्रश्नाला मी "दोन्ही" असं उत्तर देते, आणि ते खरोखर दोन्ही आहे.

नावाबद्दल थोडं सांगते, कारण डॉक्टरांकडे गेलात की वेगवेगळे शब्द कानावर पडतील. बर्नआउट हा शब्द या अर्थाने रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करताना त्याने सहकाऱ्यांना आणि स्वतःलाही असं विझताना पाहिलं आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली आणली. त्यात तीन गोष्टी तपासतात: भावनिक थकवा, माणसांपासून आणि कामापासून तुटलेपण, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. दुसऱ्या गोष्टीला मराठीत नेमका शब्द आहे, पाट्या टाकणं. जीव ओतून काम करणारा माणूस अचानक पाट्या टाकायला लागला, तर त्याचा स्वभाव बदलला असं समजू नका. आतला साठा संपत आल्यामुळे तो स्वतःला वाचवतोय, ही शक्यता आधी पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११व्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग म्हटलेलं नाही. ती नोकरी-व्यवसायाशी निगडित अवस्था आहे, असं त्यात म्हटलं आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून ताणामुळे येणाऱ्या गळाठ्याचं स्वतंत्र निदान करतात आणि त्यासाठी किमान सहा महिने ताणाचं कारण असावं लागतं, मग ते नोकरीतलं असो वा घरातलं. मला स्वीडनची मांडणी तुमच्यासारख्यांसाठी जास्त न्याय्य वाटते. सासऱ्यांची रात्रीची उठबस आणि ऑफिसमधली डेडलाइन यांचे वेगळे हिशेब शरीर ठेवत नाही. नोकरी एकटी पाहिली तर झेपण्याजोगी, घर एकटं पाहिलं तर तेही झेपण्याजोगं, आणि म्हणूनच बाहेरच्यांना तुमचा थकवा कळत नाही.

"रिपोर्ट नॉर्मल" याबद्दल मी थोडी काटेकोर आहे. नेमके कुठले रिपोर्ट? हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, तो फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीत दिसतो. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ही तपासणी हवीच. थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंड आणि यकृत हे झालं आहे का ते पाहा. घोरणं मोठ्याने असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर झोपेची तपासणी करा. झोपेत श्वास अडकण्याच्या या आजाराचे, स्लीप ॲप्नियाचे, कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं ताणाच्या नावाखाली फिरत असतात. एखाद्या संसर्गानंतर हे सुरू झालं असेल आणि थोड्याशा श्रमाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही पूर्ण कोसळत असाल, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यात व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला नुकसान करतो. तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. "ॲड्रेनल थकले आहेत" असं सांगून गोळ्या-पावडरी विकणाऱ्यांपासून लांब राहा. त्या ग्रंथींचा खरा आजार असतो, पण तो दुर्मीळ आहे आणि त्याचं निदान नीट तपासण्यांनी होतं. थकलेल्या ग्रंथी असं मान्य निदान वैद्यकशास्त्रात नाही.

नैराश्य आहे का, हेही पाहायला हवं. मी एक साधा प्रश्न विचारते: उद्यापासून सगळी जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलली, तर तुम्हाला काय करावंसं वाटेल? नुसता गळाठा असलेल्या माणसाकडे बहुधा उत्तर असतं. डोळे क्षणभर बदलतात, कुठलंसं गाव, एखादं वाद्य, मैत्रीण. इच्छा आहे, बळ नाही. नैराश्यात इच्छाच विझलेली असते. पण हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे या एका प्रश्नावर स्वतःच निदान करून मोकळ्या होऊ नका. आणि जगणंच नको असे विचार येत असतील, तर पुढचं वाचायचं थांबवा, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना गाठा. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

एकच ईमेल पाच वेळा वाचावा लागतो, असं तुम्ही लिहिलं आहे. एक प्रसंग सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. एका पानाचा साधा फॉर्म भरायचा होता. नाव लिहिलं, वय लिहिलं आणि फोन नंबरच्या रकान्यात पेन थांबलं. स्वतःचा नंबर आठवेना. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, फॉर्म पुन्हा वरून वाचायला घेतला आणि तो संपायच्या आत रडायला लागल्या. "मला स्मृतिभ्रंश होतोय" हीच भीती घेऊन त्या आल्या होत्या. तसं काही नव्हतं. सतत सावध असलेल्या मेंदूत लक्ष एका जागी ठरत नाही, आणि लक्षच ठरलं नाही तर आठवण तयार होणार कशी? त्यांचा नंबर त्यांना परत आठवायला लागला, पण फार उशिरा, झोप आणि मूड सुधारून बराच काळ लोटल्यावर. लक्ष आणि स्मरण सगळ्यांत शेवटी परत येतात. हे आधी माहीत असलं की निम्मी घाबरगुंडी कमी होते.

आता मुख्य गोष्ट. माझ्या अनुभवात या दुखण्यातून उठताना माणसं वाईट दिवसांमुळे मागे पडत नाहीत, बऱ्या दिवसांमुळे पडतात. तुमच्या रजेचं तेच झालं. दहा दिवस झोपलात, पहारेकरी जरा खाली बसला, अकराव्या दिवशी डोकं हलकं झालं. मग उरलेल्या दिवसांत काय केलंत? तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की साचलेली सगळी कामं काढलीत. एका गृहस्थांना मी चार आठवडे रोज वही लिहायला सांगितली होती. पहिल्या सोमवारी लिहिलं होतं, "आज मस्त वाटलं. तिन्ही कपाटं आवरली, बँकेची कामं केली, रात्री पाहुणे." मंगळवारचं पान कोरं. बुधवारी एक शब्द, "झोपलो." गुरुवारी पुन्हा थोडं बरं, शुक्रवारी पुन्हा सगळा डोंगर अंगावर. चार आठवड्यांची पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्यांना स्वतःलाच तो झोका दिसला. त्यांच्या मते त्यांचा आजार "मधूनच उसळत" होता. वहीत मात्र प्रत्येक कोऱ्या पानाच्या आदल्या दिवशी एक बरा दिवस उधळलेला होता.

म्हणून पहिला नियम हा: बऱ्या दिवशी जेवढं करता येईल असं वाटतं, त्याच्या साधारण निम्म्यावर थांबा. थकल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण या अवस्थेत थकवा जाणवतो तोच मुळी मर्यादा ओलांडल्यानंतर. मोबाइलवर पंचवीस मिनिटांची वेळ लावा आणि ती वाजली की थांबा, काम अर्धवट असलं तरी, किंबहुना छान चाललं असलं तरी. मग दहा मिनिटं विश्रांती. आणि ती फोनकडे बघत घ्यायची नाही. बातम्या, व्हिडिओ, ग्रुपवरची वादावादी यांतलं काहीही मेंदूला विश्रांती वाटत नाही. खिडकीतून बाहेर बघत बसा, पाठ टेका, श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा थोडा लांबवा. पहिल्या आठवड्यात हे असह्य वाटेल. हात शिवशिवतील, मन म्हणेल वेळ वाया चाललाय. ती अस्वस्थता म्हणजे पहारेकऱ्याला पाळी संपल्याचं अजून पटलेलं नाही, एवढंच. दिवसातून पाच-सहा वेळा त्याला सांगत राहिलं की हळूहळू पटतं. तीन आठवड्यांच्या एका रजेपेक्षा रोजच्या या छोट्या उतरणींचं काम मोठं असतं.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे झोप हवी तेवढी घ्या. त्यानंतर मात्र उठायची वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती पाळा. जागेपणी बिछान्यात लोळत राहिलं की रात्रीची झोप आणखी विरळ होते. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, झोप आली की परत या. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, कोणाला त्याहून जास्त. निद्रानाश जुना झाला असेल तर झोपेसाठीची खास वर्तनोपचार पद्धत (सीबीटी-आय) आहे, तिला झोपेच्या गोळ्यांच्या आधी प्राधान्य दिलं जातं. ती येणारा समुपदेशक शोधा.

चालणं दहा मिनिटांपासून, बोलता येईल इतक्या वेगाने. दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही तरच आठवड्याने दोन-तीन मिनिटं वाढवा. "ताण घालवायला" म्हणून जिममध्ये घाम काढणं सध्या नको.

आणि ओझं? विश्रांतीचे सगळे उपाय केले आणि ओझं तेवढंच ठेवलं, तर तुम्ही गळक्या बादलीत पाणी भरत आहात. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की नुसतं जास्त काम माणसाला तितकं मोडत नाही. मागण्या जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ही जोडी मोडते. त्यामुळे कामावर बोलताना फक्त तास कमी करून मागू नका. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठल्या बैठकीला गेलं नाही तरी चालेल, हे ठरवायची मुभा मागा. परत रुजू होताना शक्य असेल तर अर्धा दिवस, आठवड्यातून तीन दिवस, असं सुरू करा. काय करणार याच्या यादीपेक्षा सध्या माझ्याकडे काय नसेल याची यादी वरिष्ठांशी बोलून लेखी करून घ्या. तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण कामावर गेलात, म्हणून चौथ्या दिवशी कोसळलात. कामावरून निघताना अडकून राहिलेल्या तीन गोष्टी कागदावर लिहा, प्रत्येकीपुढे उद्याचं पहिलं पाऊल लिहा, कागद तिथेच ठेवा. मग घरी त्या गोष्टी डोक्यात फिरण्याचं प्रमाण खरंच कमी होतं.

घरी "मला जरा मदत करा" असं म्हणू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं, फक्त हात दुसऱ्याचे लागतात. एक काम पूर्ण सोपवा, आठवण ठेवण्यासकट. सासऱ्यांची औषधं म्हणजे ती संपायच्या आत आणणं, वेळेवर देणं, डॉक्टरांची वेळ घेणं, सगळं नवऱ्याकडे. सुरुवातीला चुका होतील, एखादी वेळ चुकेलही. जिवाला धोका नसेल तिथे मध्ये पडू नका. सारखं लक्षात ठेवणं हेच तुमचं सगळ्यात थकवणारं काम आहे आणि ते कोणाला दिसत नाही.

पहिल्यासारखी कधी होणार? आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं आपण म्हणतो. हा मात्र आलाच मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे तो आठवड्यात जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. साधारणपणे झोप आणि चिडचिड काही आठवड्यांत सुधारायला लागते, अंगातलं बळ काही महिन्यांत. लक्ष, स्मरण, गर्दी-गोंगाट सहन होणं याला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं, आणि काहींना ताण पूर्वीइतका झेपत नाही हे पुढेही जाणवत राहतं. माझ्याकडून गोड उत्तर मिळावं असं तुम्हाला वाटलं असेल, पण खोटी मुदत दिली तर ती उलटल्यावर तुम्ही स्वतःलाच दोष द्याल. तीन महिने हे सगळं नेटाने करूनही काहीच फरक दिसला नाही, तर निदान नव्याने तपासून घ्या.

बऱ्या झाल्यावर शरीराच्या पहिल्या सूचनेकडे लक्ष ठेवा. ती प्रत्येकाची वेगळी असते. कोणाचं पोट बिघडतं, कोणाला पहाटे तीनला जाग येते. तुमची सूचना बहुधा जबडा आहे. लागोपाठ तीन सकाळी तो दुखला, तर पुढच्या रजेची वाट न पाहता त्याच दिवशी एक काम कमी करा. नवऱ्यालाही हे सांगून ठेवा. तुमचा जबडा तुमच्या ध्यानात यायच्या आधी तुमचा चढलेला आवाज त्यांच्या ध्यानात येईल, आणि तेव्हा त्यांनी "चिडू नकोस" म्हणण्याऐवजी "आज मी काय घेऊ?" असं विचारायचं, हे आत्ताच, शांत असताना, दोघांनी ठरवून घ्या.